पिकअपमध्ये हायब्रिड की साधे इंजिन: ह्यूस्टनमधून मांडलेला हिशेब

अमेरिकेत पूर्ण आकाराचा पिकअप ट्रक घ्यायचे ठरले की केबिन केवढी, रंग कोणता, हौदा किती लांब हे प्रश्न तुलनेने लवकर सुटतात आणि घोडे अडते ते इंजिनाच्या निवडीपाशी. २०२१ मध्ये नव्या रूपात आलेल्या फोर्ड एफ-१५० चेच पाहा. त्यात २.७ लिटरचे टर्बो इंजिन आहे, ३.५ लिटरचे टर्बो इंजिन आहे, ५ लिटरचे टर्बोविरहित व्ही-८ आहे आणि ३.५ लिटरच्याच इंजिनाला विजेच्या मोटरची जोड दिलेले 'पॉवरबूस्ट' हे हायब्रिडही आहे. प्रत्येक पर्यायाची बाजू हिरिरीने मांडणारे लोक भेटतात, आणि जवळजवळ सगळे जण चर्चेची सुरुवात 'ॲव्हरेज किती देते' या प्रश्नाने करतात. आम्ही जुलै २०२४ च्या बेरिल वादळानंतरच्या हिवाळ्यात २०२१ चा वापरलेला एफ-१५० घेतला. त्याआधी मी हा हिशेब अनेक बाजूंनी मांडून पाहिला, आणि माझे मत असे झाले की पूर्ण आकाराच्या ट्रकमध्ये हायब्रिड आणि साधे इंजिन यांतली निवड ॲव्हरेजवर करू नये. ती दोन गोष्टींवर करावी: ट्रकवर प्रत्यक्ष किती वजन पडणार आहे, आणि ट्रककडून आपल्याला वीज हवी आहे का.

आधी आमची गरज सांगते. आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीजवळ राहतो. मी स्थापत्य अभियंता आहे. आठवड्याचे बहुतेक दिवस मला केटी फ्रीवेवरून शहरात आणि तिथून वेगवेगळ्या साइटवर जावे लागते. हा रस्ता काही ठिकाणी सर्व मार्गिका धरून २६ मार्गिकांचा आहे, तरीही सकाळ-संध्याकाळ तो गोगलगायीच्या गतीने सरकतो. वर्षातून काही वेळा आम्ही मुलांना घेऊन छोटा कॅम्पर ट्रेलर ओढत टेक्सासच्या हिल कंट्रीत किंवा त्याहून दूर बिग बेंडकडे जातो. गणेशोत्सवाच्या दिवसांत महाराष्ट्र मंडळाच्या पथकाचे ढोल-ताशे, मखराच्या चौकटी आणि सतरंज्या आमच्याच हौद्यातून जातात, कारण मंडळात ट्रक असणारी कुटुंबे थोडी आणि सामान भरपूर. म्हणजे रोजचे रखडत चालणे, अधूनमधून मध्यम वजनाचा ट्रेलर आणि जागा व्यापणारे पण फारसे जड नसलेले सामान, असा हा वापर आहे. हे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की यातली एक गोष्ट बदलली तरी पुढचे उत्तर बदलते.

हायब्रिड या एका नावाखाली पिकअपच्या बाजारात तीन निरनिराळ्या यंत्रणा विकल्या जातात आणि त्यांची सरमिसळ करूनच बहुतेक वाद होतात. पहिला प्रकार सौम्य हायब्रिडचा. रॅम १५०० मध्ये २०१९ पासून मिळणारी ई-टॉर्क ही यंत्रणा त्या प्रकारात मोडते. तिथे नेहमीच्या अल्टरनेटरच्या जागी ४८ व्होल्टची, पट्ट्याने इंजिनाला जोडलेली मोटर बसवलेली असते. ती इंजिन झटकन बंद-चालू करते, गाडी हलताना थोडा जोर लावते आणि ब्रेक लावताना थोडी वीज परत मिळवते. एकट्या विजेवर ट्रक चालवण्याची ताकद तिच्यात नसते. दुसरा प्रकार पॉवरबूस्टचा. यात इंजिन आणि दहा गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स यांच्यामध्ये ३५ किलोवॉटची मोटर बसवलेली आहे आणि ट्रकच्या खाली १.५ किलोवॉट-तासाची लिथियम-आयन बॅटरी आहे. इंजिन क्लचने सोडवून कमी वेगात केवळ विजेवर ट्रक चालू शकतो. २०२२ मध्ये आलेल्या टोयोटा टुंड्राच्या हायब्रिडची मांडणीही साधारण अशीच आहे. तिथे बॅटरी निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची असून ती मागच्या आसनाखाली असते.

तिसरा प्रकार आकाराने लहान असलेल्या फोर्ड मॅव्हरिकमधला, आणि अभियंता म्हणून मला तो सर्वांत सुबक वाटतो. मॅव्हरिकच्या हायब्रिडमध्ये २.५ लिटरचे, टर्बो नसलेले, ॲटकिन्सन पद्धतीचे इंजिन आहे. या पद्धतीत आत येणाऱ्या हवेची झडप नेहमीपेक्षा उशिरा बंद होते, त्यामुळे इंधनातली अधिक ऊर्जा कामी येते, पण इंजिनाचा जोर, विशेषतः कमी वेगातला, घटतो. ती उणीव विजेची मोटर भरून काढते. गिअर बदलणारा नेहमीचा गिअरबॉक्स नाही, त्याच्या जागी ग्रहचक्री दातेचाके आणि दोन मोटरी आहेत. म्हणजे याच गाडीच्या दुसऱ्या पर्यायात, २ लिटरच्या टर्बो इंजिनात, जे टर्बो आणि बहुगिअरी गिअरबॉक्स असे झिजणारे भाग आहेत, ते हायब्रिडमध्ये मुळातच नाहीत. मॅव्हरिकमध्ये हायब्रिड घेतल्याने यंत्रणा सोपी होते. एफ-१५० मध्ये याच्या उलट घडते: दोन टर्बो आणि दहा गिअर आहेत तसेच राहतात आणि त्यांवर मोटर, बॅटरी, तिचे द्रवशीतन आणि उच्च दाबाची विद्युत यंत्रणा यांची भर पडते. 'हायब्रिड गुंतागुंतीचे असते' किंवा 'हायब्रिड टिकाऊ असते' अशी सरसकट विधाने म्हणूनच निरुपयोगी ठरतात.

आता ॲव्हरेज. २०२१ च्या चारही चाकांना जोर देणाऱ्या पॉवरबूस्टला ईपीए या अमेरिकी पर्यावरण संस्थेने शहर, महामार्ग आणि एकत्रित अशा तिन्ही रकान्यांत गॅलनमागे २४ मैल असा आकडा दिला. साध्या ३.५ लिटर इकोबूस्टच्या (फोर्डच्या टर्बो इंजिनाचे हे नाव) अशाच ट्रकला शहरात १८, महामार्गावर २३ आणि एकत्रित २०. भारतातल्या वाचकांच्या सोयीसाठी सांगायचे तर एकत्रित आकड्यांची तुलना लिटरमागे साधारण १०.२ आणि ८.५ किलोमीटर अशी होते. वर्षाला १२,००० मैल धरले तर एका ट्रकला ५०० गॅलन पेट्रोल लागते आणि दुसऱ्याला ६००. टेक्सासमध्ये गॅलनला ३ डॉलर धरले तर वर्षाची बचत ३०० डॉलर होते. वापरलेल्या ट्रकच्या बाजारात आम्हाला दोहोंच्या किमतींत जो फरक दिसला तो सुमारे अडीच हजार डॉलरचा होता. तो भरून यायला आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. हाच हिशेब केवळ शहरी आकड्यांनी केला, म्हणजे २४ विरुद्ध १८, तर वर्षाला साधारण १६७ गॅलन वाचतात आणि पाच वर्षांत फरक वसूल होतो. केवळ महामार्गाचे आकडे घेतले तर २४ आणि २३ यांतला फरक इतका किरकोळ आहे की तो आयुष्यभर वसूल होणार नाही.

हे असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. हायब्रिड इंधन वाचवते ते तीन मार्गांनी: थांबलेल्या गाडीचे इंजिन बंद ठेवून, मंद वेगात मोटरवर चालून, आणि ब्रेक लावताना उष्णतेच्या रूपात वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत साठवून. केटी फ्रीवेवरच्या रांगेत हे तिन्ही प्रसंग सतत येतात. सॅन अँटोनिओकडे ताशी ७५ मैलांनी सलग जाताना यांपैकी एकही येत नाही. तिथे सगळी झुंज हवेच्या विरोधाशी असते आणि ट्रकची समोरची भिंतीसारखी बाजू हायब्रिड झाल्याने लहान होत नाही. मॅव्हरिक हायब्रिडचे पहिले आकडे शहरात ४२ आणि महामार्गावर ३३ असे होते, म्हणजे शहरात अधिक आणि महामार्गावर कमी, त्यामागेही हेच कारण आहे. टुंड्राच्या बाबतीत तर टोयोटाने मोटर मुख्यतः जोर वाढवण्यासाठीच वापरली: हायब्रिड ४३७ अश्वशक्ती देते, साधे इंजिन ३८९, आणि चारचाकी जोराच्या टुंड्रात एकत्रित ॲव्हरेजमधला फरक मात्र गॅलनमागे मैलभराचाच पडतो. टुंड्राचे हायब्रिड पेट्रोल वाचवण्यासाठी घेणाऱ्याची निराशा ठरलेली आहे.

ट्रेलर मागे जोडला की चित्र आणखी बदलते. माझा दीर डेनव्हरला राहतो आणि त्यालाही याच सुमारास ट्रक घ्यायचा होता, त्यामुळे हा भाग आम्ही दोघांनी मिळून तपासला. त्याच्या वाटेवर आंतरराज्य ७० क्रमांकाचा रस्ता आणि ११,१५८ फूट उंचीवरचा आयझेनहॉवर बोगदा आहे. ८,००० पौंडांचा ट्रेलर ओढत तो घाट चढताना इंजिनाला मैलोन् मैल पूर्ण ताकद लावावी लागते. पॉवरबूस्टची १.५ किलोवॉट-तासाची बॅटरी पूर्ण भरलेली आहे आणि ती शेवटच्या थेंबापर्यंत वापरता येते असे मानले, तरी ३५ किलोवॉटची मोटर तिच्यावर जेमतेम अडीच मिनिटे चालेल. त्यानंतर घाट चढवायचा तो इंजिनानेच, शिवाय मोटर आणि बॅटरीचे वजन अंगावर घेऊन. उतरताना तरी ही ऊर्जा परत मिळेल असे वाटते, पण तिथेही बॅटरीचा आकार आड येतो. ट्रक आणि ट्रेलर मिळून ६,००० किलो धरले तर ९० मीटर उंची उतरताना जी ऊर्जा मोकळी होते तेवढ्यानेच अशी बॅटरी भरेल. हवेचा आणि रस्त्याचा विरोध वजा केला तरी काही किलोमीटरच्या उतारात ती भरून जाते आणि पुढे सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत गिअर खाली टाकून इंजिनाच्या विरोधावरच उतरावे लागते. याचा अर्थ पॉवरबूस्ट ट्रेलर ओढायला नालायक आहे असा मुळीच नाही. ४३० अश्वशक्ती आणि ५७० पौंड-फूट टॉर्क देणारा तो ट्रक जड ट्रेलर जागेवरून हलवताना आणि फ्रीवेच्या रॅम्पवर वेग घेताना साध्या इंजिनापेक्षा सरस वाटतो, आणि मोटरचा जोर शून्य वेगापासून मिळत असल्याने ट्रेलर मागे सरकवून जागेवर लावताना फार सफाई येते. लांबच्या घाटात मात्र त्याच्या हायब्रिडपणाचा उपयोग नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

माहितीपत्रकातला सर्वाधिक ओढक्षमतेचा आकडा पाहून निर्णय घेणारे लोक मला सर्वांत जास्त भेटले. २०२१ च्या साध्या ३.५ लिटर इकोबूस्टची ती मर्यादा १४,००० पौंड आहे आणि पॉवरबूस्टची १२,७०० पौंड. दोन्ही आकडे इतके मोठे आहेत की सामान्य कुटुंबाला हायब्रिड आणि साधे यांत काही फरकच नाही असे वाटावे. पण बहुतेकांच्या ट्रकची खरी मर्यादा या आकड्याच्या कितीतरी आधी संपते, आणि ती लिहिलेली असते चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या एका छोट्या लेबलवर: प्रवासी आणि सामान मिळून वजन अमुक पौंडांहून अधिक होता कामा नये. हाच पेलोड. तो प्रत्येक ट्रकचा वेगळा असतो, कारण त्या विशिष्ट ट्रकवर बसवलेले पॅनोरमिक छत, तापवता-गार करता येणारी आसने, मोठी चाके हे सगळे त्यातून वजा झालेले असते. मोटर आणि बॅटरीही वजा होते. साध्या ५ लिटर व्ही-८ मध्ये योग्य जुळणी निवडली तर २०२१ च्या एफ-१५० चा पेलोड ३,३२५ पौंडांपर्यंत जातो. पॉवरबूस्टची कमाल २,१२० पौंड आहे. आणि कमाल आकडा मिळतो तो अगदी साध्या, सुखसोयी नसलेल्या ट्रकला. आम्ही पाहिलेल्या चामडी आसनांच्या, चार दारांच्या पॉवरबूस्टपैकी एकावर सुमारे १,४५० पौंड लिहिलेले होते.

१,४५० पौंड म्हणजे ६५८ किलो. ऐकायला पुष्कळ वाटतात. आता बेरीज करू. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रेलर जोडायच्या हुकावर), म्हणजे पर्यायाने ट्रकवर येतो; तो त्याहून कमी ठेवला तर ट्रेलर मागे शेपटीसारखा डोलू लागतो, म्हणून तो टाळता येत नाही. ६,५०० पौंडांचा मध्यम कॅम्पर घेतला आणि १३ टक्के धरले तर ८४५ पौंड झाले. चौघांच्या कुटुंबाचे ६०० पौंड धरा. इथेच १,४४५ भरले. हौद्यातल्या सायकली, पाण्याचे कॅन, अवजारांची पेटी, कुत्रा आणि खुद्द हिचचे लोखंड यांना जागाच उरली नाही. १२,७०० पौंड ओढू शकणारा ट्रक ६,५०० पौंडांच्या ट्रेलरला, म्हणजे जेमतेम निम्म्या वजनालाच, अपुरा पडला, आणि तोही इंजिन कमी पडल्यामुळे नव्हे, तर स्प्रिंगा, ॲक्सल आणि टायर यांच्या मर्यादेमुळे. ही बेरीज न करता ट्रक विकत घेणारी आणि नंतर मागची चाके दबलेल्या अवस्थेत उन्हाळी सुटीला निघणारी कुटुंबे मी केटीत नेहमी पाहते, आणि मला त्यांची मनापासून काळजी वाटते. टायर फुटणे आणि उतारावर ब्रेक न लागणे हे धोके या लेबलकडे दुर्लक्ष करण्यातूनच येतात.

आमचा ट्रेलर सामानासह ४,००० पौंडांच्या आत आहे. हिचवर ४८० पौंड, आमचे चौघांचे ५५० आणि हौद्यात दोनशेचे सामान धरले तर १,२३० होतात. १,४५० मध्ये ते बसते आणि थोडी फटही राहते. दिराचा ट्रेलर भरल्यावर ८,००० पौंडांपलीकडे जातो. त्याने पॉवरबूस्टचा विचार इथेच सोडून दिला, आणि ते योग्यच झाले. व्ही-८ चा त्याला मोह होता, पण टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे बोगद्यापाशी पोहोचेपर्यंत जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला असतो. टर्बो विरळ हवाही दाबून आत घेतो, म्हणून ही घट बरीच कमी राहते. त्याने साधे ३.५ लिटर इकोबूस्ट, जड ओढीचे पॅकेज आणि ३६ गॅलनची टाकी असलेला ट्रक घेतला. पॉवरबूस्टची टाकी ३०.६ गॅलनची असते. ट्रेलर ओढताना ॲव्हरेज निम्म्यावर येते, आणि वायोमिंगच्या ओसाड रस्त्यांवर ते पाच-सहा गॅलन फार मोलाचे ठरतात.

आमच्या निर्णयाचे पारडे मात्र विजेने फिरवले. ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. फेब्रुवारी २०२१ च्या बर्फाच्या वादळात टेक्सासमधल्या ४५ लाखांहून अधिक घरांची आणि आस्थापनांची वीज गेली आणि राज्याच्या आरोग्य विभागाच्या मोजणीनुसार २४६ माणसे दगावली. त्या आठवड्यात ज्या थोड्या लोकांकडे नवे पॉवरबूस्ट होते त्यांनी ट्रकवर घरातल्या शेगड्या, फ्रिज आणि दिवे चालवले, आणि फोर्डने टेक्सासमधल्या आपल्या डीलरांना असे ट्रक गरजू लोकांना वापरायला देण्याचे आवाहन केले. पुढे जुलै २०२४ मध्ये बेरिल चक्रीवादळ आले, ह्यूस्टन परिसरातल्या २२ लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, आणि अनेकांकडे ती कित्येक दिवस, जुलैच्या उकाड्यात, आली नाही. आमच्या घरी सासूबाई होत्या. त्यांचे इन्सुलिन फ्रिजमध्ये होते आणि बर्फ कुठेच मिळत नव्हता. महाराष्ट्रात लोडशेडिंगच्या काळात वाढलेल्या माणसाला अंधाराची भीती वाटत नाही, पण ह्यूस्टनची घरे खिडक्या उघडून राहण्यासाठी बांधलेलीच नाहीत, आणि वृद्ध माणसाला ३५ अंशांच्या दमट हवेत बंद घरात ठेवणे धोक्याचे असते. इन्सुलिन आम्ही शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवले. तो फ्रिज त्यांच्या ट्रकच्या हौद्यातल्या प्लगवर चालत होता.

पॉवरबूस्टमध्ये २.४ किलोवॉटची वीजपुरवठ्याची सोय मूळ किमतीतच येते आणि ७.२ किलोवॉटची वेगळे पैसे भरून घ्यावी लागते. साध्या इंजिनाच्या एफ-१५० मध्येही ती घेता येते, पण २ किलोवॉटपर्यंतच. २ किलोवॉटवर फ्रिज, दिवे, वायफाय, पंखे चालतात. ७.२ किलोवॉटच्या हौद्यात १२० व्होल्टचे चार आणि २४० व्होल्टचा ३० अँपिअरचा एक प्लग असतो; त्यावर फ्रिज, फ्रीझर आणि निजायच्या दोन खोल्यांचे खिडकीतले एसी एकाच वेळी चालू शकतात. बॅटरीतली वीज संपत आली की इंजिन आपोआप सुरू होते, तिला भरते आणि पुन्हा बंद होते, त्यामुळे बाजारातल्या स्वस्त जनरेटरसारखा अखंड गोंगाट होत नाही. शिवाय जनरेटर वर्षभर कोपऱ्यात पडून राहतो, त्यातले पेट्रोल खराब होते आणि नेमका वादळाच्या दिवशी तो सुरू होत नाही. ट्रक रोज वापरात असतो. संपूर्ण घराला पुरणारा, नैसर्गिक वायूवरचा कायमस्वरूपी जनरेटर बसवायचा तर खर्च दहा हजार डॉलरपलीकडे जातो. या खर्चाशी तुलना केली की हायब्रिडसाठी मोजलेले अडीच हजार वेगळेच दिसू लागतात, आणि पेट्रोलची बचत त्या हिशेबात वरकड म्हणून येते. ट्रेलरच्या मुक्कामावर आणि मंडळाच्या कार्यक्रमात उद्यानात स्पीकर लावतानाही हीच वीज कामी येते, पण तेवढ्यासाठी कुणी हायब्रिड घ्यावा असे मी म्हणणार नाही.

या सोयीबद्दल दोन गोष्टी अतिशय गांभीर्याने सांगायच्या आहेत. ट्रक वीज देत असताना तो उघड्यावरच उभा असला पाहिजे. गॅरेजचे दार उघडे ठेवले तरी पुरत नाही, कारण इंजिन आपणहून केव्हाही सुरू होते आणि कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. २०२१ च्या थंडीत ह्यूस्टनमध्ये या वायूनेही माणसे मेली. दुसरी गोष्ट, ट्रकची तार घराच्या प्लगमध्ये उलटी घालून घर चालवण्याचा प्रयत्न कधीही करू नये. ती वीज रस्त्यावरच्या तारांत जाते आणि दुरुस्तीला चढलेल्या कामगाराचा जीव घेऊ शकते. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून ट्रान्सफर स्विच (घराला एका वेळी बाहेरच्या तारांची किंवा ट्रकची, अशी एकच वीज देणारा) बसवून घ्यावा, आणि तो न्यूट्रलही तोडणारा असावा. या ट्रकच्या प्लगांना गळती ओळखून वीज तोडणारे संरक्षण आहे, आणि ट्रकमधला व घरातला न्यूट्रल दोन्ही जमिनीशी जोडलेले राहिले की ते संरक्षण ताबडतोब पुरवठा बंद करते. आम्ही हे काम ट्रक घेतल्यावर लगेच, पावसाळी वादळांच्या मोसमाआधी, करून घेतले.

टिकाऊपणाबद्दल माझे मत मध्यम आहे. पॉवरबूस्टच्या बॅटरीवर आणि हायब्रिड भागांवर आठ वर्षे किंवा १,००,००० मैल अशी हमी आहे, म्हणजे २०२१ च्या ट्रकला ती साधारण २०२९ पर्यंत पुरेल. त्यानंतर मोठा खर्च निघू शकतो हे गृहीत धरूनच तो घ्यावा. मोटर वेग कमी करण्याचे बरेच काम करत असल्याने ब्रेक पॅड सावकाश झिजतात, हा लहानसा फायदा. ज्यांना ट्रक पंधरा-वीस वर्षे ठेवायचा आहे, मोकळ्या रस्त्यांवर चालवायचा आहे आणि गावातल्या साध्या मेकॅनिककडून दुरुस्त करून घ्यायचा आहे, त्यांना मी टर्बोही नसलेले ५ लिटर व्ही-८ सुचवेन. पण साधे इंजिन म्हणजे आपोआप निर्धोक, असेही नाही: मे २०२४ मध्ये टोयोटाने २०२२ आणि २०२३ च्या सुमारे एक लाख गाड्या, त्यांत बहुतेक टुंड्रा, परत बोलावल्या, कारण कारखान्यात इंजिन घडवताना आत राहिलेल्या धातूच्या कणांमुळे ते बंद पडण्याचा धोका होता, आणि त्या गाड्या हायब्रिड नसलेल्या होत्या. हायब्रिड पिकअपही काही आजचे खूळ नाही. शेव्हरोलेने २००९ मध्ये सिल्व्हरॅडोचे हायब्रिड आणले होते. ते फारसे खपले नाही आणि २०१३ नंतर बंद झाले. त्या ट्रककडून जड कामही होत नव्हते आणि घरही उजळत नव्हते, असे मला वाटते.

मंडळातल्या एका तरुण जोडप्याने मला विचारले तेव्हा मी त्यांना एफ-१५० कडे वळूच दिले नाही. त्यांना बागेची माती, फर्निचर आणि दोन सायकली न्यायच्या होत्या, ट्रेलर नव्हता आणि रोजचा प्रवास शहरातलाच होता. मॅव्हरिक हायब्रिडचा १,५०० पौंडांचा पेलोड आम्ही पाहिलेल्या पॉवरबूस्टपेक्षाही थोडा अधिकच आहे. सुरुवातीच्या मॅव्हरिक हायब्रिडची ओढमर्यादा २,००० पौंड होती आणि फक्त पुढच्या चाकांना जोर मिळत असे; २०२५ च्या मॉडेलपासून हायब्रिडमध्ये चारही चाकांना जोर आणि ४,००० पौंडांपर्यंत ओढण्याची सोय घेता येते. त्यामुळे २ लिटरचे टर्बो इंजिन निवडण्याचे एक मोठे कारण तिथे उरले नाही.

वापरलेला पॉवरबूस्ट पाहायला जाणाऱ्यांनी जाण्याआधी विक्रेत्याकडून दाराच्या चौकटीवरच्या लेबलचा स्पष्ट फोटो मागवावा आणि आपली बेरीज त्या आकड्याशी ताडून पाहावी. त्यानंतर हौद्यातल्या प्लगांचा फोटो मागवावा. २४० व्होल्टचा गोल, चार फटींचा प्लग दिसला तर ती ७.२ किलोवॉटची यंत्रणा. नुसते दोन साधे प्लग असतील तर २.४ ची, आणि ती नंतर वाढवून मिळत नाही. जाहिरातींत हे दोन्ही प्रकार सर्रास एकाच नावाने लिहिलेले असतात. प्रत्यक्ष पाहताना एखादा मोठा हीटर बरोबर न्यावा आणि अर्धा तास त्या प्लगवर चालवून बघावा. इंजिन आपोआप सुरू होऊन पुन्हा बंद होते का हे त्यात कळते. विक्रेत्याने या चाचणीला नकार दिला तर तो ट्रक सोडून द्यावा.